नमाजनंतर काय? मालदीवच्या बेटांवरची ईद

गेल्या वर्षी रमजान ईदची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा मी नववीच्या वर्गाला मराठीचा निबंध दिला, ‘माझी ईद’. वह्यांचा गठ्ठा घरी आणून तपासायला बसले. सुरुवात सगळ्यांची सारखीच. पहाटे उठलो, गुस्ल केले, नवे कपडे घातले, अत्तर लावले, अब्बांबरोबर ईदगाहला गेलो, गळाभेट झाली, शीरखुर्मा खाल्ला. इथपर्यंत अक्षरही नीटनेटके. त्यानंतर बहुतेकांच्या वह्या दोन ओळींत आटोपल्या. कुणी मोबाईलवर खेळले, कुणी मॉलमध्ये गेले. एका मुलाने सरळ लिहिले होते, ‘नमाज झाल्यावर ईदला करण्यासारखे काही नसते म्हणून मी झोपतो.’

खरे बोलल्याबद्दल त्याला एक गुण जास्त दिला. पण ते वाक्य मनातून जाईना. रात्री माझ्या बीएडच्या मैत्रिणीला फोन केला आणि तिला वाचून दाखवले. ती हसली आणि म्हणाली, “अगं, माझ्या तिकडच्या मुलांना हा निबंध दिला असता ना, तर त्यांनी वही पुरत नाही म्हणून तक्रार केली असती.”

ही मैत्रीण सोलापूरची. मालदीवमधल्या एका लहान बेटावरच्या शाळेत तिने दोन वर्षे गणित शिकवले. मालदीवच्या शाळांत भारतातून गेलेले शिक्षक बरेच असतात. घरापासून इतक्या दूर पहिली ईद कशी जाणार म्हणून ती आधीच रडवेली झाली होती. प्रत्यक्षात ती ईद तिला आयुष्यभर पुरेल अशी गेली. त्या रात्री आम्ही तासभर बोललो. पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. ‘एवढ्याशा बेटावर, ना बाजार ना मॉल, ईदचा दिवस भरतो कशाने?’ एवढेच मला जाणून घ्यायचे होते.

मालदीव म्हणजे आपल्या नैऋत्येला हिंदी महासागरात पसरलेली बाराशेच्या आसपास प्रवाळबेटे. त्यांतल्या दोनशेहून कमी बेटांवर लोकवस्ती आहे. बरीच बेटे इतकी लहान की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जायला पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ होतात. जमीन समुद्रापासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच. नदी नाही, डोंगर नाही. माड, वाळू आणि मासे.

त्यांची भाषा धिवेही. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही हीच भाषा बोलतात, तिथे तिला महल म्हणतात. लिपी थाना, आपल्या उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. गंमत म्हणजे तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. मैत्रीण गणिताची असल्यामुळे तिला याचे फार अप्रूप. मी पडले भाषेची शिक्षिका, मला शब्दांचे वेड. धिवेहीत मासा म्हणजे ‘मस’, साखर म्हणजे ‘हकुरु’, रोटी म्हणजे ‘रोशि’. आपल्या ‘प’चा तिकडे ‘फ’ होतो, म्हणून पाण्याला ‘फेन’. खेळाला ‘कुळि’. नारळ आणि साखरेचे सारण भरलेल्या पातळ पोळीला काय म्हणत असतील? ‘हुनि हकुरु फोळि’! मैत्रीण म्हणते, पहिल्या महिन्यात आपण परदेशात आहोत असे कधी वाटायचे, कधी कोकणात मामाकडे आलोय असे वाटायचे.

ईदची नावेही तशीच सोपी. रमजान ईद ती ‘कुडा ईद’, म्हणजे धाकटी, आणि ईदुल-अज्हा ती ‘बोडु ईद’, म्हणजे मोठी. आपल्याकडच्या बकरी ईदचा गजबजाट मात्र तिथे दिसत नाही. चारा नाही, माळरान नाही, त्यामुळे जनावरे फारशी नाहीत. मोठ्या ईदला दारात बकरा बांधलेला नसतो आणि तरीही सगळ्यांत मोठा जल्लोष त्याच ईदला, काही बेटांवर तर आठवडाभर. मला हे आधी उलगडेना.

ईदच्या आधीच्या दिवसांत सगळे बेट स्वच्छ होते. बायका माडाच्या हिरांचे खराटे घेऊन निघतात आणि पांढऱ्या वाळूचे रस्ते झाडून काढतात. फक्त स्वतःचे अंगण नव्हे, सगळे रस्ते. मैत्रिणीच्या हातीही घरमालकिणीने खराटा दिला, “टीचर, तुमचा रस्ता हा.” भाड्याने राहणाऱ्या परक्या बाईच्या वाट्यालाही एक रस्ता आला! ती सांगते, खराटा हातात आला तेव्हाच मला वाटले की ही ईद माझी आहे.

फित्र्याचा हिशेब आपल्यासारखाच. घरात कोणत्या प्रतीचा तांदूळ किंवा पीठ खाल्ले जाते त्यावर दर ठरतो आणि नमाजच्या आधी तो पोचता होतो. सकाळी तक्बीर, ईदची नमाज, गळाभेट. ते सगळीकडचे सारखेच, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. नमाजनंतर मात्र लोक आपापल्या घरी जाऊन दार लावून घेत नाहीत. ‘ईद साइ’ असते, म्हणजे ईदचा चहा. नाव चहाचे, पण लांबच लांब टेबले मांडतात आणि घराघरांतून ताटे येतात. नारळ, कांदा, मिरची घालून कालवलेला कुप्पा मासा, म्हणजे ‘मस हुनि’, आणि बरोबर रोशि. माशाचे सारण भरून तळलेले गोळे, त्यांचे नावच ‘गुळ्हा’. गोड भात, ‘बोंडिबाइ’. कुणाच्या घरचे काय हे कुणी विचारत नाही. ज्या घरात यंदा मय्यत झाली आहे, ज्या घरातला माणूस नोकरीसाठी दूर गेला आहे, त्या घरची माणसेही याच टेबलाशी बसलेली असतात. वेगळे आमंत्रण लागत नाही, म्हणून कुणी राहून जात नाही.

आणि मग दुपारपासून सुरू होते ती गंमत, जिच्यासाठी त्या मुलांना वही पुरली नसती.

सर्वांत प्रसिद्ध खेळ ‘बोडु मस’, म्हणजे मोठा मासा. माडाच्या झावळ्या विणून अवाढव्य मासा करतात. तो उचलायला बरीच माणसे लागतात. विणकाम काही दिवस आधी, थोडे लपूनछपून चालते. पोरे चोरून बघायला जातात आणि ओरडा खाऊन परत येतात. ईदच्या दिवशी हा मासा किनाऱ्याकडून गावात येतो. त्याच्याबरोबर असतात ‘माली’, समुद्रातली भुते. अंगाला राख, काजळी, चिखल फासलेला, कमरेला केळीची आणि माडाची पाने गुंडाळलेली, तोंड ओळखू येत नाही अशी ही सोंगे. ढोल वाजत असतो. गावकरी दोर घेऊन माशाला घेरतात, मासा उसळतो, माली अंगावर धावून येतात, पोरे किंचाळत पळतात आणि लगेच परत येतात. शेवटी मासा पकडला जातो.

मैत्रीण सांगत होती, “एक माली माझ्या अंगावर आला, मी ‘या अल्लाह’ म्हणून मागे सरकले, तर तो हळूच म्हणतो, ‘टीचर, मी सातवी बी.’”

या खेळामागची कथा बेटागणिक थोडी बदलते. गाभा असा, की पूर्वी समुद्रातून भुते येत, त्यांच्याबरोबर एक विलक्षण मासा असे आणि गावाने एकजुटीने त्यांचा सामना केला. समुद्राच्या मध्यावर चार पावलांच्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांना रात्रीच्या काळ्या पाण्याची भीती वाटणारच. पण ही भीती मालदीवच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या घटनेशीही जाऊन मिळते. तिथले लोक बौद्ध होते, ११५३ मध्ये तिथल्या राजाने इस्लाम स्वीकारला. त्याची आख्यायिका मोरोक्कोचा प्रवासी इब्ने बतूता याने बेटावरच्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवली आहे. दर महिन्याला समुद्रातून एक जिन्न येई, दिव्यांनी भरलेल्या जहाजासारखा, आणि त्याच्यासाठी एक कुमारिका किनाऱ्यावरच्या मंदिरात ठेवावी लागे. अबुल बरकात नावाचे एक हाफिज पाहुणे म्हणून आले होते. ते त्या मुलीच्या जागी स्वतः जाऊन बसले आणि रात्रभर कुरआनची तिलावत करत राहिले. जिन्न आला, तिलावत ऐकली आणि समुद्रात नाहीसा झाला. ही कथा जशीच्या तशी इतिहास मानायची की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण समुद्राच्या भुतावर गावाने मिळवलेला विजय ईदच्या दिवशी खेळून दाखवावा असे त्या लोकांना का वाटले असेल, ते यावरून समजते.

मोठ्या माशाखेरीज आणखी बरेच असते. ‘फेन कुळि’, म्हणजे पाण्याचा खेळ. बादल्या, डबे, पिचकाऱ्या घेऊन सगळे बेट एकमेकांना भिजवते, कुठे कुठे रंगही उधळतात. नवे कपडे घालून रस्त्यावर फिरायचे असेल तर आपल्या जबाबदारीवर. पुरुष ‘दंडि’ म्हणजे काठ्या वाजवत फेर धरतात. नावावरूनच ओळख पटावी! बायका पितळेच्या घागरी, ‘बंदिया’, कडेवर घेऊन बोटांतल्या अंगठ्यांनी त्यांवर ठेका धरतात. रात्री ‘बोडुबेरु’, मोठे ढोल. बेरु म्हणजे आपली भेरीच. हा ढोल आफ्रिकेतून आलेल्या माणसांबरोबर आला असे मानतात. सुरुवातीला संथ, मग वाढत वाढत इतका वेग घेतो की बघणाऱ्यालाही धाप लागते.

आता इथे काही वाचकांच्या, विशेषतः आमच्या आपा-खालांच्या, कपाळावर आठी उमटली असणार. ईदच्या पवित्र दिवशी भुतांची सोंगे? ढोल? हा प्रश्न मलाही पडला होता आणि मालदीवमध्येही तो पडलेला आहे. गेल्या काही दशकांत तिथेही अशा रूढींना गैरइस्लामी म्हणणारा मतप्रवाह वाढला आहे. फतवा देणे माझे काम नाही, ते आलिमांचे आहे. शिक्षिका म्हणून मी वाचलेल्या दोन गोष्टी मात्र पुढे ठेवते.

पहिली, सहीह बुखारी आणि मुस्लिममध्ये आलेली. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदीत भाले आणि ढाली घेऊन खेळत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना आपल्या खांद्याआडून तो खेळ पाहू दिला आणि त्यांचे मन भरेपर्यंत तिथेच उभे राहिले. ईदच्याच दिवशी दोन मुली घरात गात होत्या, हजरत अबू बकर (रजि.) रागावले, तेव्हा हुजूरांनी त्यांना असू दे म्हटले, कारण हा ईदचा दिवस होता. म्हणजे नमाज, फित्रा, तक्बीर ही इबादत, तिच्यात आपल्या मनाने भर घालायची नाही. पण नमाजनंतरच्या दिवसात आनंदाला जागा ठेवलेली आहे.

दुसरी गोष्ट पुन्हा इब्ने बतूताची. १३४३ च्या सुमारास तो मालदीवला पोचला आणि तिथला काझी झाला. त्या वेळी गादीवर खदिजा नावाची सुलताना होती आणि कारभार तिचे पती, वजीर जमालुद्दीन, पाहत होते. काझी म्हणून इब्ने बतूता कडक. जुम्याच्या नमाजला न येणाऱ्यांना त्याने शिक्षा केल्या. बायकांच्या पेहरावाबद्दल हुकूम काढला. तो काही चालला नाही, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. अशा माणसाने तिथल्या रमजान ईदचे वर्णन करून ठेवले आहे. वजिराने त्याला पोशाख पाठवला आणि सगळे ईदगाहकडे निघाले. वाटेवर कापड अंथरले होते, दोन्ही बाजूंना कवड्यांच्या राशी होत्या. कवडी हे त्या काळी तिथले चलन, बंगालपर्यंत जाणारे. ज्या अमीराचे घर वाटेवर होते त्याने दारात माडाची, सुपारीची, केळीची झाडे उभी केली होती. झाडांमध्ये दोऱ्या बांधून त्यांना हिरवे नारळ लटकवले होते. वजीर दारावरून जाताना घरमालक त्याच्या पायांपुढे रेशमाचे नाहीतर सुताचे कापड टाकी. एरवी जिथे तिथे नापसंती नोंदवणारा हा काझी त्या सजावटीतून चालत गेला आणि तक्रारीचा सूर न लावता सगळे लिहून ठेवले.

मला त्यातले नारळ आवडले. जवळ जे होते त्यातूनच सजावट केली, माड, केळ, कवडी. आजचा मोठा मासाही झावळीचाच. सात शतकांनंतरही बेट आपली ईद स्वतःच्या झाडांतून विणते, दुकानातून आणत नाही. मोठ्या ईदला बकऱ्याविना एवढा जल्लोष कसा, हे कोडेही मग सुटले. जे नाही त्यावाचून अडून न बसता जे आहे त्याची त्यांनी ईद केली.

पण सगळे छान चालले आहे असे समजू नका. मालदीवची सुमारे चाळीस टक्के लोकसंख्या आज राजधानी मालेच्या परिसरात राहते. शिक्षण, दवाखाना, नोकरी, सगळे तिथे. जागा एवढी अपुरी की एका खोलीत पाच-सहा जण. मालेतही ईद होते, पण चाकरमान्यांचा जीव आपापल्या बेटात अडकलेला. ईदची सुट्टी लागली की धक्क्यावर बोचकी, पोरे, खोकी, आणि लाँचेस भरभरून बाहेरच्या बेटांकडे निघतात. चार दिवसांनी पुन्हा धक्का, पुन्हा रडारड. मैत्रिणीच्या बेटावर एरवी माणसे कमी आणि माड जास्त. मोठा मासा उचलायला लागणारे तरुण ईदलाच मिळतात. एका वर्षी समुद्र खवळला आणि लाँच वेळेवर आली नाही, तेव्हा मासा एक दिवस थांबला. “मासा थांबला” हे ती असे सांगते, जणू नातेवाईकच थांबला होता.

आणि कधीकधी बेटच उरत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत रा अटोलमधले कंधोळुधू बेट इतके उद्ध्वस्त झाले की लोकांना ते कायमचे सोडावे लागले. चार वर्षांनी त्यांची वस्ती दुवाफारु या दुसऱ्या बेटावर वसवली गेली. घरे नवी मिळाली. पण कोणत्या किनाऱ्यावरून मासा आणायचा, कोणाच्या दारावरून न्यायचा, हे तर जुन्या गल्ल्यांनाच माहीत असते. समुद्राची पातळी वाढते आहे असे आपण भूगोलात शिकवतो, तेव्हा त्या धड्यात ही गोष्ट नसते.

हे लिहिताना मला माझे रायगडातले खाडीकाठचे गाव दिसत राहिले. धक्क्यावरची बोचकी तर आपलीच की! मुंबई-मुंब्र्याहून आणि आखातातून चाकरमानी ईदला यायचे तेव्हा आमच्या लहानपणी एस.टी.च्या टपावर खोकी मावत नसत. नमाजनंतर मर्द मंडळी घराघरांत जाऊन मुसाफहा करत फिरायची. कुणाशी बोलणे बंद असले तरी त्या दिवशी त्याचे दार चुकवता येत नसे. सकाळी नारळाच्या रसाबरोबर सांदण आणि जोहरनंतर बायकांची फेरी. त्याआधी, रमजानच्या तोंडावर, अम्मीच्या ओसरीवर शेवयांचे मशीन बसे. एक जण दांडा फिरवी, एक जण पीठ लोटी, आम्ही पोरी काठ्यांवर शेवया वाळत घालत असू आणि निम्म्या मोडून शिव्या खात असू. सगळ्या मोहल्ल्याच्या शेवया त्या एका मशीनवर होत. आता बरीच घरे कुलूपबंद आहेत. उघडी आहेत त्यांत शेवया पाकिटातून येतात. चवीला वाईट नसतात, उगीच का बोलू. पण पाकीट उघडायला शेजारीण लागत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे वाक्य मी मैत्रिणीला पुन्हा सांगितले तेव्हा ती म्हणाली, “त्याला करायला काही नसतं कारण त्याच्या हातात कुणी काही दिलेलंच नसतं. मला तिथे खराटा दिला होता.”

त्या मुलाला मी या वर्षी मे महिन्यात, गावी आला असताना, घरी बोलावले. तो आमच्याच मोहल्ल्यातल्या एका कुलूपबंद घराचा नातू निघाला. माळ्यावरून मशीन खाली काढायला त्याचीच मदत घेतली. जाळ्या शाबूत आहेत, दांड्याचा खिळा मात्र गंजून तुटला आहे. त्याने ते मशीन उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, “मॅडम, हे फिरवायला किती जण लागतात?” मी म्हटले, “कमीत कमी चार.” तो म्हणाला, “मग चुलत भावांना सांगतो.” दांडा लोहाराकडे दिला आहे. आमच्या शेजारच्या खाला पिठाचे प्रमाण सांगणार आहेत, कारण ते आता त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात नाही.